सवलतीपेक्षा हवे ते इंजिन द्या : नागपूरच्या मोटार विक्रेत्यांना खुले पत्र

प्रति,
नागपुरातील नव्या मोटारींचे अधिकृत विक्रेते
आणि मोटार कंपन्यांचे विदर्भातील विक्री अधिकारी

विषय : नव्या मोटारींचे रूप, इंजिनांचे पर्याय आणि सूट यांची सांगड

महोदय,

मी नागपुरात कर सल्लागार म्हणून काम करतो. नवी मोटार घेण्यापूर्वी शोरूमचे दरपत्रक घेऊन आमच्याकडे यायचे आणि "यात खरोखर वाचतात किती, तेवढे सांगा" असे विचारायचे, ही आमच्या अशिलांची जुनी सवय आहे. त्यामुळे कोणत्या गाडीवर किती सूट आहे, ती कोणत्या महिन्यात वाढते आणि कोणत्या इंजिनाच्या गाडीवर ती जवळजवळ कधीच मिळत नाही, हे आमच्या टेबलावरच्या कागदांतून आपोआप कळत जाते. या कागदांनी माझे एक मत पक्के झाले आहे आणि ते जाहीरपणे मांडण्यासाठी हे पत्र आहे. मोठी सूट ही बहुतेक वेळा ग्राहकावरची मेहेरबानी नसते. या भागाला नको असलेले इंजिन आणि नको असलेली सजावट एकत्र बांधून मागवल्याचा तो खर्च असतो. त्यातला काही भाग आपण सोसता, काही ग्राहक सोसतो, आणि व्यवहार संपताना दोघांनाही आपण काहीतरी कमावले असे वाटत असते.

रूपावर गाडी विकली जाते, याबद्दल माझ्या मनात शंका नाही आणि रूपावर भाळणाऱ्या ग्राहकाला मी नावेही ठेवत नाही. दहा-बारा लाख रुपये मोजणाऱ्या माणसाला दारात उभी राहणारी गाडी देखणी असावीशी वाटणारच. महिंद्राची एक्सयूव्ही ३०० फेब्रुवारी २०१९ मध्ये बाजारात आली. इंजिन दमदार, ग्लोबल एनकॅपच्या अपघात चाचणीत पाच तारे, आणि तरीही आपल्या वर्गातल्या ब्रेझा-नेक्सॉनसारखी गर्दी तिच्याभोवती कधी झाली नाही. एप्रिल २०२४ मध्ये हीच गाडी नवा चेहरा, नवी मागची बाजू आणि नवा डॅशबोर्ड घेऊन एक्सयूव्ही ३एक्सओ या नावाने आली. इंजिने जवळपास तीच होती. १५ मे रोजी बुकिंग खुले झाले तेव्हा पहिल्या तासाभरातच ५०,००० नोंदण्या झाल्याचे कंपनीने जाहीर केले. हे सारे श्रेय केवळ चेहऱ्याला देणे अर्थातच चुकीचे ठरेल, कारण सुरुवातीची किंमत ७.४९ लाख ठेवली होती, पेट्रोलमध्ये चांगला स्वयंचलित गिअरबॉक्स आला होता आणि छतावर मोठी काच आली होती. परंतु नाशिकच्या त्याच कारखान्यातून, जवळपास त्याच यंत्रांसह निघणाऱ्या गाडीचे नशीब बदलते, तेव्हा रूपाचा वाटा नाकारता येत नाही.

उलट उदाहरणही महाराष्ट्रातलेच आहे. फियाटची पुंटो २००९ मध्ये आली, पुण्याजवळच्या रांजणगावला ती तयार होत असे. तिच्या मूळ रेखाटनामागे जॉर्जेटो जुजारो यांच्यासारख्या इटालियन रेखाटनकाराचा हात होता आणि तिच्यातले १.३ लिटरचे मल्टिजेट डिझेल इंजिन तेच होते, जे मारुतीने स्विफ्टमध्ये बसवून विकले. इंजिन मूळ फियाटचे, रूप अनेकांच्या मते स्विफ्टपेक्षा सरस, आणि तरीही स्विफ्ट रस्तोरस्ती दिसली व पुंटो हौशी लोकांपुरती राहिली. सर्व्हिस सेंटर कुठे आहे, सुटे भाग किती दिवसांत मिळतात आणि पाच वर्षांनी गाडी विकायला काढली तर कोणी विचारील का, या साध्या प्रश्नांची उत्तरे ग्राहकाला पुंटोच्या बाबतीत समाधानकारक वाटली नाहीत. केवळ किमतीचा विचार करायचा तर टाटांची नॅनो आहेच. मार्च २००९ मध्ये सुमारे एक लाखाच्या मूळ किमतीला गाडी देऊनही तिचे उत्पादन २०१८ मध्ये थांबले. सर्वांत स्वस्त ही तिची ओळखच तिच्या मार्गात आडवी आली, हे रतन टाटा यांनी स्वतः नंतर मान्य केले होते. सूट देणाऱ्या प्रत्येक विक्री अधिकाऱ्याने नॅनोची आठवण ठेवावी, असे मला वाटते, कारण 'स्वस्त मिळते' हा शिक्का एकदा बसला की गाडीची खरी किंमत ग्राहकाच्या मनात खालीच राहते.

इंजिनाच्या पर्यायांचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे आणि त्यात सरकारी धोरणाचा वाटा मोठा आहे. पेट्रोलचे दर जून २०१० मध्ये नियंत्रणमुक्त झाले आणि डिझेलचे ऑक्टोबर २०१४ मध्ये. मधल्या चार वर्षांत दोन इंधनांतली दरी इतकी वाढली की देशात विकल्या जाणाऱ्या मोटारींपैकी निम्म्याच्या आसपास डिझेलच्या होत्या. दरी मिटली तसा डिझेलचा ओढा ओसरला, एप्रिल २०२० पासून धुराच्या प्रदूषणाबाबतचे कडक बीएस-६ नियम आले आणि मारुतीने डिझेल इंजिने बंद केली. त्या वेळी विटारा ब्रेझाचे काय होणार, अशी चर्चा होती, कारण २०१६ पासून ती केवळ डिझेलमध्येच विकली जात होती. कंपनीने तीच गाडी २०२० मध्ये १.५ लिटर पेट्रोल इंजिनासह आणली आणि ती विकली जात राहिली. यावरून इंजिनाला महत्त्व नाही असा निष्कर्ष काही अधिकारी काढतात. तो मला मान्य नाही. ब्रेझाचा ग्राहक मुख्यतः शहरातला होता आणि त्याला डिझेलची गरज आधीच उरलेली नव्हती. गरजेप्रमाणे इंजिन बदलले म्हणून गाडी टिकली, असे तिचे वाचन अधिक खरे आहे.

आता आपल्या भागाकडे वळतो, कारण पत्राचा मुख्य विषय तोच आहे. नागपुरातल्या शोरूममधून गाडी घेणारा ग्राहक एका साच्यातला नाही. मिहानमध्ये नोकरी करणारा तरुण आहे, बुटीबोरी-हिंगण्याचा कारखानदार आहे, काटोल-नरखेडचा संत्रा बागायतदार आहे, चंद्रपूर-गडचिरोलीचा कंत्राटदार आहे आणि गाडी पाहायला छिंदवाडा-शिवनीहून येणारेही आहेत. यांतल्या अनेकांचा दिवस लांबच्या रस्त्यावर जातो. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये आणि शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला, तेव्हापासून ७०१ किलोमीटरचा, ताशी १२० किलोमीटर वेगाची परवानगी असलेला रस्ता आपल्या दारातून सुरू होतो. या रस्त्याने इथल्या ग्राहकाचे इंजिनाबद्दलचे प्रश्न बदलले आहेत; शोरूममधली उत्तरे मात्र बदललेली दिसत नाहीत.

"अ‍ॅव्हरेज किती देते?" असे विचारले की विक्री प्रतिनिधी माहितीपत्रकातला आकडा सांगतो. तो आकडा ज्या प्रमाणित चाचणीतून येतो तिच्यातला कमाल वेग ताशी ९० किलोमीटर असतो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे ताशी ९० वरून १२० वर गेले की तो पावणेदोन पटींहून अधिक होतो. इथे रूप आणि इंजिन यांचा थेट संबंध येतो. उंच, चौकोनी, सरळ बॉनेटच्या गाड्यांची सध्या चलती आहे आणि त्या रुबाबदार दिसतात हे मलाही मान्य आहे. परंतु त्याच रुबाबाची किंमत कारंजा ओलांडेपर्यंत इंधनाच्या काट्यावर दिसू लागते. पाच माणसे, सामान आणि चालू एसी घेऊन लहान टर्बो पेट्रोल इंजिन १२० च्या वेगाने सतत पळवले, तर माहितीपत्रकातल्या आकड्याशी त्याचा संबंध उरत नाही. इंजिनाच्या जोडीला विजेची मोटर असलेल्या हायब्रिड गाडीचेही तसेच आहे. शहराच्या थांबत-चालत वाहतुकीत ती मोठी बचत करते, मोकळ्या महामार्गावर ती बचत आखडते. हे ग्राहकाला गाडी घेतल्यानंतर कळावे, यात कोणाचे भले आहे?

डिझेलबाबत तर शोरूममध्ये उगाच भीती पसरलेली आहे. दहा वर्षांहून जुन्या डिझेल गाड्यांवरचे निर्बंध दिल्ली आणि तिच्या परिसरापुरते आहेत. महाराष्ट्रात खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि पुढे तिचे नूतनीकरण करता येते. मग प्रश्न उरतो तो हिशेबाचा. समजा, पेट्रोल १०४ रुपये आणि डिझेल ९१ रुपये लिटर आहे, पेट्रोल गाडी प्रत्यक्षात १५ आणि डिझेल गाडी १९ किलोमीटर चालते. दर किलोमीटरला साधारण २ रुपये १४ पैशांचा फरक पडतो. करासह गाडीच्या किमतीतला फरक दीड लाख धरला, तर तो भरून निघायला ७०,००० किलोमीटर लागतात. महिन्याला हजार किलोमीटर चालवणाऱ्याला त्यासाठी जवळजवळ सहा वर्षे लागतील आणि त्याने डिझेलच्या वाटेला जाऊ नये, शिवाय धरमपेठ ते सदर एवढ्याच फेऱ्या मारणाऱ्याच्या बीएस-६ डिझेल गाडीत काजळी गाळणारे यंत्र तुंबण्याचा त्रास वेगळाच. महिन्याला अडीच हजार किलोमीटर फिरणाऱ्या कंत्राटदाराचा फरक मात्र २८ महिन्यांत निघतो. हे गणित करायला पाच मिनिटे लागतात. ते शोरूममध्ये क्वचितच केले जाते, कारण त्या दिवशी आवारात जे इंजिन उभे आहे तेच ग्राहकाच्या गरजेचे आहे असे सांगण्याचा दबाव प्रतिनिधीवर असतो.

सीएनजीचे चित्र मुंबई-पुण्याच्या आकड्यांवरून रंगवले जाते. नागपुरात हा वायू बराच काळ द्रवरूपात टँकरने आणून विकावा लागला आणि मार्च २०२२ मध्ये त्याचा दर किलोमागे १२० रुपयांवर गेला होता. मुंबईच्या दुप्पट दराच्या आसपास असलेल्या इंधनावर मुंबईचीच बचत दाखवणारी पत्रके त्या काळात इथे वाटली गेली, ही गोष्ट इथला ग्राहक विसरलेला नाही. विजेवरच्या गाड्यांना पाच टक्के जीएसटी आणि राज्याच्या वाहन करातील सवलत यांमुळे शहरापुरत्या वापराला अर्थ आहे, एवढेच इथे नोंदवून पुढे जातो.

माझी खरी तक्रार इंजिन आणि सजावट यांच्या गाठीबद्दल आहे. काटोलच्या बागायतदाराला दणकट डिझेल इंजिन आणि स्वयंचलित गिअर हवा आहे, कारण त्याचे गुडघे दुखतात आणि दिवसाचे दोनशे किलोमीटर होतात. अनेक गाड्यांत हे इंजिन या गिअरबॉक्ससह फक्त वरच्या व्हेरिएंटमध्ये मिळते, म्हणजे त्याने छतावरची काच, मोठ्या व्यासाची चकचकीत चाके, रंगीत दिव्यांची पट्टी आणि दोन-दोन पडदे विकत घेतल्याखेरीज इंजिन मिळत नाही. ज्या शहरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तिथे डोक्यावर काच घेऊन फिरण्याची चैन बाळगणाऱ्याला माझा विरोध नाही. काही गाड्यांत तर त्या काचेखाली पातळ जाळीदार पडदाच असतो आणि दुपारी दोन वाजता तो काय रोखतो, हे विचारण्यासारखे आहे. परंतु ज्याला ती नको आहे त्याच्या गळ्यात ती का मारावी? उलट याच उन्हात ज्या गोष्टी खऱ्या उपयोगाच्या आहेत, म्हणजे मागच्या आसनासाठी वेगळे एसीचे झरोके, हवेशीर आसने, फिक्या रंगाचे अंतरंग, त्या खालच्या व्हेरिएंटमध्ये नसतात आणि फिके अंतरंग तर मागूनही मिळत नाही. सगळीकडे काळे डॅशबोर्ड, काळी आसने, आणि हल्ली बाहेरूनही सर्वांगाने काळ्या असलेल्या विशेष आवृत्त्या. त्या छायाचित्रात उत्तम दिसतात.

काळ्या काचांचे तर विचारूच नका. पुढच्या-मागच्या काचांतून ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के प्रकाश गेला पाहिजे, हा केंद्रीय मोटार वाहन नियम आहे आणि काचांवर चिकटवल्या जाणाऱ्या फिल्मवर २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली होती, तरी 'मोफत सन फिल्म' सूट म्हणून देऊ करणारी दरपत्रके मी पाहिली आहेत. पुढे चौकात दंडाची पावती मालकाच्या नावे फाटते.

या गाठीचा पुढचा परिणाम आपल्या आवारात दिसतो. ज्या जोडीला मागणी आहे, तिला महिनोन्महिने वेटिंग. ज्या जोडीला नाही, ती उन्हात उभी. मग महिनाअखेर जवळ आली की सूट सुरू होते. मला याची जाणीव आहे की या साठ्याचा दोष केवळ विक्रेत्यांचा नाही. कंपनीच्या हिशेबात गाडी विक्रेत्याकडे रवाना झाली की ती विकली गेली. ग्राहकाच्या नावावर तिची नोंदणी होईपर्यंत व्याज विक्रेत्याच्या खात्यावर चढत राहते. फाडा ही विक्रेत्यांची देशव्यापी संघटना २१ दिवसांचा साठा योग्य मानते. २०२४ च्या सणासुदीच्या तोंडावर याच संघटनेने देशभरात ८० ते ८५ दिवसांचा, म्हणजे सुमारे ७.९ लाख गाड्यांचा आणि ७९,००० कोटी रुपयांचा साठा पडून असल्याचे जाहीर केले होते. त्या शरद ऋतूत ज्या सवलती मिळाल्या त्यांना 'उत्सवी भेट' म्हणण्यात आले. ते खरे तर गोदाम रिकामे करणे होते.

विक्रेत्याला सूट देण्याचे पूर्ण स्वातंत्र्य असते, हाही ग्राहकांचा एक गैरसमज आहे. मुंबई वगळून उर्वरित महाराष्ट्राच्या विक्री विभागात, म्हणजे आपलेही शहर ज्यात येते त्या विभागात, ठरवून दिलेल्या मर्यादेपलीकडे सूट देऊ दिली जात नाही, अशा एका निनावी ई-मेलवरून भारतीय स्पर्धा आयोगाने मारुती सुझुकीची चौकशी केली आणि २३ ऑगस्ट २०२१ रोजी २०० कोटी रुपयांचा दंड ठोठावला. त्याविरुद्ध कंपनी अपिलात गेली. त्याआधी २०१७ मध्ये ह्युंदाईला अशाच स्वरूपाच्या आरोपावरून ८७ कोटींचा दंड झाला होता आणि तो २०१८ मध्ये अपील न्यायाधिकरणाने रद्द केला. कायद्याचा निकाल काहीही लागो, माझे व्यावसायिक मत असे आहे की विक्रेत्याला आपल्या नफ्यातून किती द्यायचे हे त्याचे त्याला ठरवू द्यावे आणि कंपनीने आपली ताकद गाड्यांच्या योग्य वाटपावर खर्च करावी.

आता सुटीच्या आकड्याची चिरफाड करतो, कारण ती माझ्या धंद्याची गोष्ट आहे. समजा, एका पेट्रोल गाडीची एक्स-शोरूम, म्हणजे वाहन कर आणि विमा धरण्याआधीची, किंमत १०,२०,००० रुपये आहे आणि जाहिरातीत 'एकूण लाभ ६०,००० रुपयांपर्यंत' असे लिहिले आहे. त्यातले २५,००० जुनी गाडी त्याच शोरूमला दिली तरच मिळतात आणि जुन्या गाडीची किंमत तिथे किती धरली जाते हे आपणांस ठाऊक आहे. १०,००० रुपये विशिष्ट आस्थापनांतल्या नोकरदारांसाठी आहेत. उरलेल्या २५,००० साठी विमा शोरूममधूनच घ्या अशी अट असते. तोच विमा बाहेर १२,००० रुपयांनी स्वस्त मिळत असेल आणि ९,००० रुपयांचा मॅट-मडफ्लॅप-कव्हरचा संच गळ्यात पडला असेल, तर ग्राहकाच्या हाती ४,००० रुपये राहतात. नव्या मोटारीला तीन वर्षांचा त्रयस्थ पक्ष विमा सप्टेंबर २०१८ पासून सक्तीचा आहे; तो कोणाकडून घ्यायचा याची सक्ती मात्र कायद्यात कुठेही नाही.

याच गाडीची किंमतच कंपनीने ३०,००० रुपयांनी कमी करून ९,९०,००० ठेवली असती तर काय झाले असते, ते पाहा. महाराष्ट्रात व्यक्तीच्या नावावरच्या पेट्रोल मोटारीला दहा लाखांपर्यंत ११ टक्के आणि त्यापुढे वीस लाखांपर्यंत १२ टक्के एकरकमी वाहन कर आहे, आणि तो पूर्ण किमतीवर लागतो. माझ्याकडे येणाऱ्या दरपत्रकांत हा कर सूट वजा न करता एक्स-शोरूम किमतीवरच धरलेला असतो. १०,२०,००० वर तो १,२२,४०० होतो, ९,९०,००० वर १,०८,९०० होतो. म्हणजे १३,५०० रुपये तिथेच वाचले. शिवाय दहा लाखांवरच्या गाडीवर एक टक्का टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच आगाऊ घेतला जाणारा आयकर, कापला जातो, तो विवरणपत्रात परत मिळतो खरा, पण १०,२०० रुपये तोवर अडकून पडतात. म्हणजे ३०,००० ची खरी कपात ग्राहकाला ४३,५०० रुपयांची पडते आणि ६०,००० ची कागदी सूट चार हजारांची. डिझेलच्या ग्राहकाला तर याच टप्प्यांवर १३ आणि १४ टक्के कर आहे, त्यामुळे त्याच्या बाबतीत नको असलेल्या सजावटीचा प्रत्येक रुपया अधिक महाग पडतो. छतावरच्या काचेवरही तो कर भरतोच.

किंमत खरोखर कमी झाली की लोक कसे वागतात, हे आपण सर्वांनी २०२५ मध्ये पाहिले. १५ ऑगस्टला जीएसटी कपातीची घोषणा झाली, ३ सप्टेंबरला परिषदेने दर ठरवले आणि २२ सप्टेंबरला, घटस्थापनेच्या दिवशी, ते लागू झाले. मधले पाच आठवडे शोरूम ओस पडली, कारण लहान मोटारींवरचा कर २८ टक्के अधिक उपकर यावरून १८ टक्क्यांवर येणार होता आणि मोठ्यांचा उपकरासकट जो भार होता तो ४० टक्क्यांवर स्थिरावणार होता. नंतर नवरात्र आणि दसरा एकत्र आले आणि गर्दी उसळली. त्या काळात आपल्या खात्यांत भरलेला उपकर अडकून पडला, ही आपली तक्रार रास्त होती आणि तिच्या बाजूने मी तेव्हाही बोललो आहे. परंतु त्यातून एक गोष्ट दिसली : ग्राहकाला फसव्या सुटीची सवय लागली असली, तरी सरळ, सगळ्यांना सारखी आणि कागदावर दिसणारी कपात त्याला चटकन ओळखता येते.

या करानेच गाड्यांचे रूप घडवले आहे, हेही विसरता कामा नये. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरपेक्षा कमी लांबी आणि पेट्रोल १,२०० किंवा डिझेल १,५०० सीसीपर्यंतचे इंजिन असलेल्या मोटारींना उत्पादन शुल्कात सवलत मिळाली, आणि तेव्हापासून डिक्की छाटलेल्या सेदान व आखूड एसयूव्ही जन्माला येत आहेत. २०१२ मध्ये डिझायरची शेपटी त्यासाठीच कापली गेली. आजही १.५ लिटर पेट्रोलची ब्रेझा लांबीने बसत असूनही इंजिनामुळे ४० टक्क्यांत आहे आणि १.२ लिटर पेट्रोलची नेक्सॉन १८ टक्क्यांत. अशा वेळी कंपन्या लहान इंजिनावर भारी सजावट चढवतात, हे मला कळते. ते मोटार समृद्धीवर घेऊन जाणाऱ्याला सांगितले जावे, एवढेच माझे म्हणणे आहे.

ग्राहकही धुतल्या तांदळासारखा नाही, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. शेजाऱ्याच्या गाडीला मोठी काच आहे म्हणून आपल्याला हवी, चार शोरूमची दरपत्रके फिरवून पाचव्याकडून पाचशे रुपयांसाठी घासाघीस करायची, आणि डिलिव्हरीच्या दिवशी पडदा ओढून, केक कापून छायाचित्र काढताना इंजिन कोणते घेतले हे घरच्यांना नीट सांगता येत नाही, असेही लोक मी पाहतो. त्यांच्यामुळे आपले काम अवघड होते. तरीही माहिती ज्याच्याकडे अधिक आहे त्याच्यावर सांगण्याची जबाबदारी अधिक असते.

म्हणून माझ्या मागण्या अशा आहेत. कंपन्यांच्या विभागीय अधिकाऱ्यांनी विदर्भासाठी निदान एक मधला व्हेरिएंट असा ठेवावा ज्यात मोठे इंजिन आणि स्वयंचलित गिअर असेल, मागे एसीचे झरोके असतील, अंतरंग फिके असेल आणि छत पत्र्याचे असेल. विक्रेत्यांनी ग्राहक जे इंजिन घेणार आहे त्याच इंजिनाची टेस्ट ड्राइव्ह द्यावी. टर्बोची गाडी चालवायला देऊन साध्या इंजिनाची गाडी हाती ठेवण्याचा प्रकार थांबावा, आणि शक्य तिथे ती फेरी शोरूमभोवतीच्या गल्लीत न देता वर्धा रोडवर द्यावी, दुपारी, एसी लावून. दरपत्रकावर सूट एका आकड्यात न लिहिता कंपनीची किती, विक्रेत्याची किती, कोणत्या अटीवर किती, हे वेगवेगळे लिहावे, विमा आणि ऐच्छिक वस्तू खरोखर ऐच्छिक आहेत हे छापावे आणि वाहन कर कोणत्या रकमेवर काढला आहे ती रक्कम दाखवावी. गाडी कोणत्या महिन्यात तयार झाली आहे, हे बुकिंगची रक्कम घेण्याआधी लेखी कळवावे, कारण डिसेंबरमध्ये मोठ्या सवलतीत घेतलेल्या गाडीचे उत्पादन मार्चचे निघाले, तर विकताना ती सूट आपोआप वजा होते. आणि सूट वाढवण्यापूर्वी, त्याच गाडीसाठी दोन महिन्यांपूर्वी पूर्ण किंमत मोजलेल्या ग्राहकांना मोफत सर्व्हिस किंवा वाढीव वॉरंटीच्या रूपाने काही देता येते का, याचा विचार करावा. तोच माणूस आपल्या गाडीची जाहिरात किंवा बदनामी करत नागपूरभर फिरत असतो.

यांपैकी दरपत्रकाची आणि उत्पादनाच्या महिन्याची मागणी पूर्ण करायला कंपनीच्या मुख्यालयाची परवानगी लागत नाही. ती कोणत्याही विक्रेत्याला पुढच्या सोमवारपासून अमलात आणता येईल. असे दरपत्रक जो कोणी छापील, त्याचा नमुना मला पाठवावा. त्यातील कराची मांडणी मी विनामूल्य तपासून देईन.

आपला,
नागपूरचा एक कर सल्लागार